तोंडी चालत नाही

मुख्याध्यापिकाबाईंनी कोरा कागद माझ्यापुढे सरकवला. वर पेन ठेवलं.

"लिहा. मी स्वखुशीने मुलीचा दाखला काढून घेत आहे." मग चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "येतं ना लिहायला?"

मी उभीच होते. समोर दोन खुर्च्या रिकाम्या. बसा असं कुणी म्हटलं नव्हतं. आणि चपला मी केबिनबाहेर काढून आले होते. तेही कुणी सांगितलं नव्हतं. आम्हाला सांगावं लागत नाही, तीच तर खोड.

मुलगी सहावीत. शिक्षण हक्क कायद्यातल्या पंचवीस टक्के राखीव जागांतून तिला पहिलीला इथे प्रवेश मिळाला, तेव्हा विश्रांतवाडीतल्या आमच्या गल्लीत पेढे वाटले होते. यंदाच्या वर्गशिक्षिका त्या जागांवरच्या मुलांना हाकच तशी मारायच्या. "पंचवीस टक्के, मागे बसा." एक दिवस माझी पोर उठून म्हणाली, "मॅडम, मला नाव आहे." त्या दिवसापासून ती वर्गाबाहेर, व्हरांड्यात, फरशीवर. चार दिवस. घरी अवाक्षर नाही. स्कर्ट मागून मळलेला दिसला म्हणून मी खोदून विचारलं.

मग मी तीनदा शाळेत आले. हात जोडून बोलले. दर वेळी "बघतो" ऐकून परतले. आणि माझी नोकरी काय? सरकारी कचेरीत आवक-जावकचं टेबल. अर्ज घ्यायचा, शिक्का मारायचा, नंबर द्यायचा. दिवसभर मी लोकांना सुनावते, "तोंडी चालत नाही, लेखी द्या." स्वतःच्या लेकीसाठी मात्र तीनदा तोंडी! त्या केबिनमध्ये मला माझीच लाज वाटली.

"महापालिकेची शाळा आहेच की तुमच्या वस्तीजवळ," बाई सांगत होत्या. "तुमच्यातलीच मुलं असतील तिथे. रमेल ती."

तुमच्यातलीच.

आठवीपर्यंत तिला शाळेतून काढता येत नाही, असा कायदा आहे. म्हणूनच त्यांना ते माझ्या हातून, माझ्या अक्षरात करून घ्यायचं होतं. मी खुर्ची ओढली. बसले. त्यांच्याच कागदावर, त्यांच्याच पेनाने लिहिलं. चार दिवस, व्हरांडा, ती हाक, दाखल्याची ही मागणी. तसाच दुसरा कागद मागून दुसरी प्रत केली.

"यावर पोच द्या."

"अहो, असलं काही घेत नाही आम्ही." आवाज एकदम मऊ झाला. "अजून अडीच वर्षं मुलगी रोज सहा तास आमच्याकडे असणार आहे. विचार करा."

भिंतीवर घड्याळ होतं. अकरा वीस. ते वाक्य दोन्ही प्रतींखाली जसंच्या तसं लिहिलं, वेळेसकट. एक प्रत टेबलावर ठेवली, चपला घातल्या, दुसरीच्या झेरॉक्स काढल्या आणि तडक शिक्षणाधिकाऱ्यांचं कार्यालय गाठलं. तिथे शिक्का मिळेपर्यंत हलले नाही. बाल हक्क आयोगाला स्पीड पोस्ट केलं. तिथेही दाद लागली नाही तर हायकोर्ट. मोफत विधी सेवेतून वकील मिळतो, तो अर्जही भरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी गेटवर पोरीने विचारलं, "आई, आज परत बाहेर बसवलं तर?"

बसवणार नाहीत, असं खोटं सांगायचं नव्हतं.

"किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत, तेवढं बघून ये."

ती आत गेली. वॉचमनने गेट लावून घेतलं. बाईंनी विचारलं होतं, येतं ना लिहायला. येतं. आठवीपर्यंत लिहीत राहीन.