रेलिंगवरचा जास्तीचा थर

गुरुजींनी रेलिंगवर बोट घासलं आणि ते सरळ माझ्या नाकासमोर धरलं. बोट तांबडं झालं होतं.

“बघा मॅडम. एक पावसाळा काढला न्हाई यानं.”

बोरीच्या बुद्धविहाराचं रेलिंग होतं. रंग अगदी नजर ठरावी असा निळा, आणि त्यावर गोवर आल्यासारखे गंजाचे ठिपके. गुरुजी म्हणजे विहार समितीचे अध्यक्ष, निवृत्त शिक्षक. आवाज अजून वर्गातलाच. त्यांच्या मागे मान खाली घालून मिलिंद उभा होता. रेलिंग कोट केलं होतं त्यानं, परभणीत त्याच्या छोट्या शॉपमध्ये. पावडर आमच्या कंपनीची. मी त्या कंपनीत टेक्निकल सर्व्हिसला आहे. म्हणजे माल दुसरे विकतात आणि तक्रार आली की बोलणी खायला मी जाते. माझं माहेर सेलूचं, त्यामुळे परभणी जिल्हा म्हटलं की साहेब डोळे झाकून माझंच नाव घेतात.

गुरुजी मला बाजूला घेऊन म्हणाले, “परक्या माणसानं केलं असतं तर एवढं लागलं नसतं. हा गावचा पोरगा. लोकांनी मजुरीतून वर्गणी दिली. आता सगळे म्हणायलेत, मिलिंदनं विहाराच्या कामात माल खाल्ला. पातळ रंग मारला.”

“तुम्हाला काय वाटतं?”

“मला काय वाटायचं? गंज दिसायलाय ना समोर.”

मिलिंदची आई रोज संध्याकाळी विहार झाडून वंदनेला बसायची. हे बोलणं सुरू झाल्यापासून ती विहाराची पायरी चढली नव्हती. हे मला गुरुजींनीच सांगितलं, आणि सांगताना त्यांचा वर्गातला आवाज जरा खाली आला.

खरं सांगते, मलाही मिलिंदवरच संशय होता. का, ते समजायला थोडी पावडर समजून घ्यावी लागेल. पावडर कोटिंगचा रंग ओला नसतो. पिठासारखी पावडर गनमधून विजेचा भार देऊन लोखंडावर उडवतात, ती चिकटून बसते, मग तो जॉब, म्हणजे ते लोखंडी काम, ओव्हनमध्ये भाजतात. पावडरीत रंग असतो, पण खरं काम दोघं करतात. एक रेझिन आणि दुसरा क्युरिंग एजंट. शॉपमध्ये त्याला सगळे हार्डनर म्हणतात. रेझिन एकटं असेल तर नुसतं वितळेल आणि थंड झालं की काचेसारखं ठिसूळ होईल. हार्डनर त्याच्या साखळ्या एकमेकींत अडकवतो, तेव्हा कुठे तो थर चिवट होतो. यालाच क्युरिंग म्हणतात. रेझिन आणि हार्डनरची जोडी कुठली, त्यावर तो थर ऊन सोसणार की नाही ते ठरतं. घरातल्या कपाटाच्या पावडरीत इपॉक्सी असतं. घरात उत्तम. उन्हात ठेवलं की वर्षभरात खडूसारखं पांढरं पीठ धरतं.

मला वाटलं, या बाबानं कपाटाची पावडर मारून हात झटकले.

म्हणून आधी तळहात रेलिंगवर दाबून फिरवला. पीठ निघालं नाही. म्हणजे पावडर उन्हातल्या, बाहेरच्या कामाचीच होती. मग सॉल्व्हंटमध्ये भिजवलेला कापूस घेऊन एकाच जागी घासत राहिले. थर कच्चा भाजला असेल तर रंग कापसावर येतो. कापूस कोरा. म्हणजे भाजणीही बरोबर.

“आता राहिली जाडी,” मी म्हटलं. मिलिंदनं पहिल्यांदा मान वर केली.

जाडी मोजायचं मशीन खिशात मावतं. त्याचं टोक रंगावर टेकवलं की थर किती मायक्रॉन ते दिसतं. हा थर साठ ते ऐंशी मायक्रॉन पुरे. मशीननं दोनशेच्या वर आकडा दाखवला. मशीन बिघडलं असेल म्हणून मी कोऱ्या पत्र्यावर तपासून घेतलं. मशीन ठणठणीत. दुसरा पाईप, तिसरा पाईप, सगळीकडे तेच.

“अरे, हे काय केलंस?”

“गरम जॉबवर मारलं मॅडम. पाईप आधी ओव्हनला तापवले अन् मग गन चालवली. तशी पावडर लय बसती.”

“पण कुणी सांगितलं होतं एवढं मारायला?”

“आईनं. म्हणली, विहाराचं काम हाय, कंजूसी करू नको, जाड मार.” मग चाचरत म्हणाला, “आधीपण मारलंय असं. कधी काय झालं न्हाई.”

मी भिंग काढलं. ठिपक्यांच्या आजूबाजूला सुईनं टोचल्यासारखी बारीक भोकं होती. आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

आमच्या बाहेरच्या कामाच्या पावडरीत पूर्वी टीजीआयसी नावाचा हार्डनर असायचा. कामाला पक्का, पण गनवर उभ्या राहणाऱ्या माणसाच्या तब्येतीला वाईट. म्हणून कंपनीनं तो काढला आणि एचएए नावाचा आणला. उन्हाला हाही चांगला टिकतो आणि माणसाला त्याचा तसा त्रास नाही. त्याची एकच खोड आहे. भाजताना तो पाण्याची वाफ सोडतो. थर पातळ असेल तर वाफ गुपचूप निघून जाते. जाड असेल तर आत कोंडते आणि शेवटी थर फोडून बाहेर पडते, इडलीला जाळी पडते तशी. इडलीला जाळी हवीच. रेलिंगला पडली की पावसाचं पाणी थेट लोखंडापर्यंत जातं.

हार्डनर बदलल्याचं आमच्या कुणी मिलिंदला सांगितलं होतं का? छे! गोणी तीच, निळा तोच. गोणीवरचा कोड तेवढा बदलला होता.

मी तिथूनच शेख साहेबांना फोन लावला. आमचे साहेब मूळचे जालन्याचे, बोलायला फटकळ.

“साहेब, रिपोर्टात मारणाऱ्याची चूक म्हणून लिहू शकते. थर तिप्पट आहे.”

“और? तू सीधी बात कर. मनात काय आहे?”

“आपण त्याला सांगितलं नाही साहेब. जुन्या पावडरीत त्याचं हे खपलं असतं.”

मी मनात म्हटलं, संपलं, आता बसणार बोलणी.

“मग दोन्ही लिही,” साहेब म्हणाले. “त्याचा थर जास्त, आपलं तोंड बंद. पावडर मी पाठवतो. और सुन, रेलिंग परत बसेपर्यंत तू तिथून हलायचं नाही.”

असे साहेब नशिबानं मिळतात. मी फोन ठेवला तेव्हा माझे डोळे भरले होते, आणि गुरुजींना वाटलं मला ऊन लागलं. त्यांनी पाणी मागवलं.

पाणी पिऊन मी गुरुजींच्या हातात मशीन दिलं. “तुम्हीच मोजा. पातळ मारला म्हणता ना?” त्यांनी चष्मा वर करून आकडा वाचला. साधारण किती लागतो ते मी सांगितलं. त्यांनी पुन्हा दुसऱ्या पाईपवर मोजलं. मग मशीन माझ्याकडे देऊन मिलिंदकडे वळले.

“अरे लेकरा, तू तिप्पट घातलंस? अन् आम्ही तुला चोर म्हणलो?”

बाहीनं तोंड पुसून मिलिंद रेलिंगचे नटबोल्ट खोलायला लागला.

रेलिंग परभणीला नेलं. जुना थर उतरवला, लोखंड साफ करून थंड पाईपवर एकच हात मारला. मी प्रत्येक पाईप मोजला. मिलिंदला ते जड जात होतं. गन थांबवताना दर वेळी माझ्याकडे बघायचा, जणू मी त्याला विहाराच्या कामात कंजूसी करायला लावत होते.

रेलिंग बसलं त्या संध्याकाळी गुरुजी स्वतः मिलिंदच्या घरी गेले. दारातच हात जोडून म्हणाले, “बाई, चूक आमची झाली. वंदनेला चला.” सगळ्या गल्लीसमोर म्हणाले. ज्या तोंडांनी आळ घेतला होता, तीही तिथंच होती.

आई आली. पायरी चढताना तिनं रेलिंग धरलं, त्यावरून हात फिरवला आणि माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं, “आता पातळ हाय ना गं बाई?”

“हो आई, पातळच आहे.”

“मग बरं,” म्हणाली, आणि आत जाऊन आधी केरसुणी शोधायला लागली.

त्यानंतर दोन पावसाळे झाले. मिलिंद अधूनमधून रेलिंगचा फोटो पाठवतो. ठिपका नाही. मी तो शेख साहेबांना पुढे पाठवते, ते फक्त अंगठा दाखवतात. माझ्या नोकरीतल्या बाकीच्या तक्रारी मी विसरत चालले आहे, ही मात्र ठेव म्हणून जपली आहे.

आणि हार्डनर बदलला की आता मी स्वतः प्रत्येक शॉपला फोन करते. पावडरीचं सांगून झालं की विचारते, काम कुणाचं आहे? गिऱ्हाइकाचं म्हणाला तर काळजी नसते. विहाराचं, देवळाचं किंवा बहिणीच्या घरचं म्हणाला, की बजावून सांगते, “दादा, एकच हात.”