मापात बसणारी रायफल

"अंदाज कोणी विचारला?" असं म्हणून ताई चष्मा कपाळावर चढवायच्या आणि समोरच्याकडे नुसत्या डोळ्यांनी बघायच्या. चष्मा वस्तूंसाठी आणि नुसते डोळे माणसांसाठी, अशी त्यांची विभागणी होती. वस्तू बहुतेक वेळा पास व्हायच्या. माणसांचं काही सांगता येत नसे.

तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल. फरक एवढाच की ताईंना त्याचा पगार मिळायचा. अमेरिकेत, मिशिगनमधल्या ट्रॉय गावात आमचा गिअर बनवणारा कारखाना होता आणि त्याच्या मोजमापाच्या लॅबच्या त्या प्रमुख होत्या. लॅबची हवा बाराही महिने वीस डिग्रीवर ठेवलेली असे, म्हणून ताई भर जुलैतही साडीवर, नाहीतर शर्ट-पँटवर, राखाडी स्वेटर घालून बसायच्या. लॅबमध्ये चहा न्यायला बंदी होती. चहाने हवा तापते, असं त्यांचं म्हणणं होतं. मला वाटायचं, गंमत करतात. मग एकदा त्यांनी माझ्या कपाशेजारी थर्मामीटर धरून दाखवला.

मी वाशीमचा, आमच्या घरातला पहिला पदवीधर. लॅबच्या मशिनींचं सॉफ्टवेअर बघायला २००३ साली इथे आलो, तेव्हा मीटिंगमध्ये माझ्या प्रत्येक वाक्याची सुरुवात "आय थिंक" अशी व्हायची. तिसऱ्या दिवशी ताईंनी मला बाजूला घेतलं. "मोजलं असशील तर सांग. मोजलं नसशील तर 'मोजून सांगतो' म्हण. दोन्हीला मान आहे. मधल्याला नाही." हे वाक्य मी आजही वापरतो आणि लोकांना वाटतं ते माझंच आहे. ताईंनीच मला बर्फात गाडी चालवायला शिकवली, थंडीचे बूट कुठले घ्यायचे ते सांगितलं. त्या सांगलीकडच्या. त्यांचे यजमान वारले होते आणि मुलगी कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटला होती. रविवारी त्यांच्याकडे जेवायला जाणारा मी एकटाच होतो.

कारखान्यात ताईंचं एकाच माणसाशी वैर होतं. गिअर कापण्याच्या विभागाचा फोरमन. उंची साडेसहा फूट. हा आकडा ताईंनी मोजलेला नाही, माझा अंदाज आहे. त्याचा माल ताई तपासायच्या आणि इंचाचे दोन हजारांश जरी जास्त भरले तरी लाल चिठ्ठी लावून परत पाठवायच्या. अकरा वर्षं हे चाललं होतं. कँटीनमध्ये त्याच्या विभागातली माणसं ताईंच्या टेबलाला वळसा घालून जायची. ताई डब्यातली पोळी खात शांतपणे त्यांच्याकडे बघायच्या. चष्मा कपाळावर.

मिशिगनमध्ये पंधरा नोव्हेंबरला हरणांच्या शिकारीचा मोसम उघडतो. त्या दिवशी आमच्या कारखान्याला सुट्टी नसे, पण माणसंही नसत. लॅबमध्ये ताई, गेटवर गार्ड आणि मधे गार मशिनी. एका वर्षी मोसमानंतर फोरमन लाल चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन लॅबच्या दारात आला आणि म्हणाला, "अकरा वर्षं माझे गिअर नाकारलेस. पुढचं वर्ष माझं नोकरीतलं शेवटचं. कॅम्पला ये आणि माझी हरणंही नाकार."

तो टोमणा होता. ताईंनी ते निमंत्रण धरलं आणि पुढच्या वर्षीच्या कॅलेंडरवर पंधरा नोव्हेंबरला गोल केला.

इथल्या महाराष्ट्र मंडळात बातमी पसरली तेव्हा सगळ्यांनी ती मेथीला जोडली. ताईंच्या मागच्या अंगणातली मेथी आणि वांगी हरणांनी दोन वर्षं ओळीने फस्त केली होती आणि ताई लाटणं घेऊन त्यांच्यामागे धावल्या होत्या, हे खरं आहे. पण ते कारण नव्हतं.

"ताई, खरंच मारणार?" मी विचारलं.

"मटण खातोस ना?"

"खातो."

"मग ते काय झाडाला लागतं?" त्या वांग्याची देठं कापत होत्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "अकरा वर्षांत मला कोणी कुठे बोलावलं नाही रे. आता बोलावलंय तर जायचं. पण गेले आणि अर्धवट मारलं, पोटात गोळी घेऊन ते पळालं, तर? गिअर परत पाठवता येतो. त्याला लाल चिठ्ठी लावून काय करणार?"

म्हणून कुठल्या कॅलिबरची रायफल घ्यायची, हा प्रश्न आला. कॅलिबर म्हणजे ढोबळमानाने गोळीची जाडी, इंचाच्या हजारांशांत. ताईंना वाटलं, माणसांना विचारू. ती चूक झाली. कारखान्यातला प्रत्येक जण आपल्या आजोबांच्या रायफलचं नाव घ्यायचा आणि बाकीच्या सगळ्या एक तर खारींसाठी किंवा हत्तींसाठी आहेत असं सांगायचा. आपल्याकडे कुठल्या गावची मिसळ खरी यावर जसं बोलतात, तसं. एक जण थर्टी-ऑट-सिक्सवाला, एक टू-सेव्हन्टीवाला, आणि दोघांनी त्या आठवड्यात एकमेकांशी बोलणं सोडलं.

मग मी एक्सेलमध्ये तक्ता केला. एकोणीस रकाने होते: गोळीचं वजन, वेग, शंभर यार्डांवर किती खाली येते, दोनशेवर किती, खांद्याला धक्का किती. माझा व्हिसा असा होता की बंदूक हातात घ्यायची तर आधी वकिलाला विचारावं लागलं असतं. त्यामुळे मी फक्त वही धरायचो.

तक्ता तयार झाल्यावर आम्ही दुकानात गेलो. दुकानदार म्हातारा, लोकरी टोपीवाला. त्याने सुट्या गोळ्यांचे डबे काउंटरवर मांडले. ताईंनी पर्समधून सुती रुमालात गुंडाळलेला मायक्रोमीटर काढला.

"ताई, इथे नको," मी म्हणालो.

"का? तूर घेताना आपण दाणा दाताखाली धरून बघत नाही?"

टू-सेव्हन्टीची गोळी त्यांनी तीन ठिकाणी मोजली. दुसरी घेतली, तीन ठिकाणी. मग डबा दुकानदाराकडे सरकवून इंग्रजीत, अगदी नम्रपणे म्हणाल्या, "हा लॉट सदोष आहे. दोनशे सत्तर म्हणता, दोनशे सत्याहत्तर भरतंय. सात हजारांश जास्त."

दुकानदाराने आधी माझ्याकडे बघितलं, मग ताईंकडे. त्याने समजावलं की सगळ्यांचीच ती सत्याहत्तर असते, पहिल्यापासून. नळीच्या आत आटे असतात. काही नावं आट्यांच्या वरून मोजून पडली, काही खाचेतून, आणि काही ज्याला माल खपवायचा होता त्याने ठेवली.

"म्हणजे सगळ्यांनी एकत्र बसून काही ठरवलंच नाही?"

"नाही मॅम."

"आणि हे डब्यावर छापून विकता?"

परतताना गाडीत ताईंनी मायक्रोमीटर पुन्हा रुमालात गुंडाळला. मग म्हणाल्या, "मी दोन हजारांशासाठी त्या माणसाचे चारशे गिअर परत पाठवलेत." त्यांनी तक्त्यात विसावा रकाना घालायला लावला: नाव आणि माप जुळतं का. त्या परीक्षेत आमच्या यादीतल्या दोनच रायफली टिकल्या, टू-फोर्टी-थ्री आणि थ्री-झीरो-एट. तक्त्याप्रमाणे थ्री-झीरो-एट सरस होती. ताईंनी तिच्यावर हिरवी खूण केली.

दुकानातली गोष्ट आमच्या आधी कारखान्यात पोचली होती. सोमवारी फोरमन लॅबमध्ये आला तो हसून लाल झालेला. पण तक्ता त्याने खुर्चीत बसून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. मग म्हणाला, "छान आहे. यात तू कुठे आहेस?"

शनिवारी तो आम्हाला नेमबाजीच्या मैदानावर घेऊन गेला. दोन्ही रायफली त्याच्याच. ताईंनी सुरक्षेचा कोर्स केला होता, तोही बारा वर्षांच्या पोरांबरोबर बसून, आणि परीक्षेत पहिल्या आल्या होत्या. थ्री-झीरो-एटने त्यांनी पाच गोळ्या झाडल्या. कागदावर त्या इकडेतिकडे लागल्या. "नळी वाकडी आहे," ताई म्हणाल्या. फोरमनने रायफल घेतली, पाठ वळवून काहीतरी केलं आणि परत दिली. ताईंनी नेम धरला, घोडा ओढला. नुसता टक्‌ आवाज झाला. रायफलीत गोळीच नव्हती. पण नळीचं तोंड चांगलं चार बोटं खाली गेलं होतं आणि ताईंचे डोळे गच्च मिटलेले होते. धक्का बसणार म्हणून शरीर आधीच दचकलं होतं.

तसंच टू-फोर्टी-थ्रीने केलं. कधी भरलेली, कधी रिकामी, न सांगता. नळी हलली नाही.

ताई बाकावर बसल्या. माझ्याकडून वही घेतली आणि स्वतःच्या हाताने लिहिलं: 'थ्री-झीरो-एट. रायफल पास. चालवणारी नापास.' खाली सही, तारीख. फोरमनने वाकून विचारलं काय लिहिलंय. मी इंग्रजी करून सांगितलं. तो हसेल असं वाटलं होतं. त्याने टोपी काढून डोकं खाजवलं आणि म्हणाला, "इतक्या वर्षांत स्वतःचा माल नाकारणारं कोणी बघितलं नव्हतं."

टू-फोर्टी-थ्री विकत घेतली. मग ऑक्टोबरभर ताईंनी सराव केला आणि स्वतःची मर्यादा ठरवली. ऐंशी यार्डांपर्यंत प्रत्येक गोळी बशीएवढ्या जागेत लागते, त्यापुढे नाही. म्हणून ऐंशी.

पंधरा नोव्हेंबरला मीही गेलो, वही घेऊन. कॅम्प उत्तरेला, गाडीने साडेतीन तास. लाकडी खोपटात त्याच्या विभागातली सहा माणसं होती. त्यांनी ताईंना खिडकीजवळची खाट दिली आणि चेष्टाही केली: ही हरणाला आधी स्वेटर घालेल.

सकाळी आम्ही तिघं फळ्यांच्या आडोशाला बसलो. साडेआठला नर बाहेर आला. शिंगं अशी की फोरमनचा श्वास थांबलेला मला ऐकू आला. ताईंनी दुर्बिणीवरचा अंतराचा आकडा बघितला आणि मला बोटांनी दाखवला. एकशे दहा.

"मार," फोरमन पुटपुटला. "उभं आहे. कूस आपल्याकडे आहे. मार."

ताईंचं बोट घोड्यापाशी होतं. हरीण उभं राहिलं, कान हलवले, एक पाऊल आमच्याकडे टाकलं. एकशे नऊ. तेवढंच. मग वळलं आणि झाडीत गेलं. ताईंनी बोट काढून घेतलं.

परतताना फोरमन पुढे होता. ताई सगळ्यात मागे होत्या. एवढं बोलावणं आलं, एवढी तयारी झाली आणि आता खोपटात जाऊन सांगायचं होतं की उभं हरीण सोडून दिलं. दारात पोचताच सहा जणांनी एकदम विचारलं, "दिसलं का?"

ताईंनी तोंड उघडायच्या आत फोरमन बूट काढत म्हणाला, "दिसलं. मापात बसत नव्हतं." आणि सगळ्यांकडे असं बघितलं की पुढे कोणी काही विचारलं नाही. कोणीतरी सरकून शेगडीजवळची जागा ताईंना दिली. संध्याकाळी त्यांनी दुसऱ्याच्या हरणाचं मटण कांदा-लसूण मसाल्यात केलं. सहाही जणांच्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं आणि पातेलं रिकामं झालं.

पुढच्या वर्षी त्या माझ्याशिवाय गेल्या. दुपारी फोन आला. "मादी होती. चौसष्ट यार्ड. जागेवर पडली." मग म्हणाल्या, "मी तिच्याजवळ बसून राहिले थोडा वेळ. ते लोकही थांबले. कोणी घाई केली नाही."

२००८ मध्ये कारखान्याची मंदीत वाट लागली आणि लॅब सगळ्यात आधी बंद झाली. ताई फ्रीमाँटला मुलीकडे गेल्या. रायफल त्यांनी कॅम्पलाच ठेवली. मुलीच्या टाउनहाउसमध्ये बंदूक आणि नातू दोन्ही नकोत म्हणाल्या, आणि नातू आधीच होता.

त्या नोव्हेंबरात फोरमनने मला ईमेलने फोटो पाठवला. खाली काही लिहिलं नव्हतं. खोपटाच्या भिंतीवर ओळीने खिळे, खिळ्यांवर शिकाऱ्यांची नारिंगी जाकिटं, सगळी तंबूएवढी. खिडकीजवळच्या खाटेवरच्या खिळ्याला एक इवलंसं जाकीट, मुलांच्या विभागातून घेतलेलं. सहापैकी कोणाच्याही एका दंडातसुद्धा ते गेलं नसतं. खाटेवर कोणी झोपलेलं नव्हतं. पांघरूण घडी करून ठेवलं होतं.