निळ्यावरच्या लाल काड्या

"काका, ही नुसती थुंकी आहे. छातीतून खोकून बेडका आणा," म्हणत लॅबमधल्या ताईंनी डबी परत केली. चारचौघांत अपमान! माझ्यासारख्या सभ्य माणसाने बेडका काढायचा? रागाने मी दुसऱ्या सकाळी खोकून खोकून डबी भरलीच.

ताईंनी बेडका काचेवर पसरून रंगवला, सूक्ष्मदर्शकाखाली तपासला आणि मलाही त्यात डोकावायला बोलावलं. निळ्या लुगड्यावर लाल धाग्याचे टाके तुटून पडावेत, तशा बारीक काड्या.

"क्षयाचे जंतू."

आमंत्रणाशिवाय माझ्या छातीत बसलेले हरामखोर! वर दिसायलाही देखणे.

"घरात लहान कोणी?"

"सहा महिन्यांची नात."

"तिलाही तपासायला आणा."

मग राग काड्यांवरून माझ्यावरच वळला. कालची माझी सभ्य थुंकी ताईंनी चालवून घेतली असती, तर आजही मी नातीचा पापा घेतला असता.