दादाच्या सायकलला पॉवर मीटर: सारसोळे, पारसिक, उरण

रविवारी सकाळी अकराच्या सुमारास मामा सायकल न्यायला येणार होता. गिऱ्हाईक त्यानेच शोधलं होतं, आईने हो म्हटलं होतं, मला कोणी विचारलं नव्हतं. म्हणून मी रविवारीच उजाडायच्या आधी ती सायकल घेऊन निघाले.

सायकल माझ्या मोठ्या भावाची, हरेशदादाची. मागच्या हिवाळ्यात बेलापूरच्या पारसिक हिलच्या चढावर, वरच्या वळणाआधी तो सायकलवरून उतरला, कठड्यावर बसला आणि तिथेच गेला. हृदयविकाराचा झटका. तेव्हापासून सारसोळे गावात आमच्या घरी येणारा प्रत्येक माणूस एकच बोलतो, "सायकलनं खाल्ला त्याला." मी कमी बोलते, त्यामुळे इतके महिने ऐकून घेतलं. इथे लिहून टाकते. सायकलने खाल्लं नाही. रक्तवाहिनी बंद होत आली होती, आणि छातीत दुखत असताना दादा ॲसिडिटी म्हणून सोडा पीत होता.

मीही सायकल चालवते, पण माझी साधी, बाजारापर्यंत जायची. दादाची चांगली आहे आणि आम्ही उंचीला जवळपास सारखे, सीट बोटभर खाली घेतली की झालं. तो गेल्यावर मी माझ्या तपासण्या करून घेतल्या. डॉक्टर म्हणाले, हृदय ठीक आहे, खुशाल चालवा, फक्त किती जोर लावताय याचं भान ठेवा. चढावर पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. धापेने वाक्य तुटलं की जोर कमी करा.

मला हे फार मोघम वाटलं. जोर मोजता येत असेल तर तो मोजायचा. म्हणून क्रँकवरचा पॉवर मीटर घेतला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पेडल ज्या दांड्याला असतं तो क्रँक. या मीटरमध्ये डाव्या क्रँकच्या आतल्या बाजूला एक छोटी डबी असते. दांडा दाबाखाली केसाइतका वाकतो, तो वाक ती मोजते आणि हँडलवरच्या स्क्रीनला वॅटमध्ये आकडा पाठवते. मोजते फक्त डाव्या पायाचं, आणि दुप्पट करून दाखवते. दोन्ही पायांचं मोजणारे मीटर असतात, पण ते फार महाग. घेताना तुमच्या क्रँकची लांबी आतल्या बाजूला कोरलेली असते ती बघून तेवढ्याच लांबीचा घ्या. नाहीतर एक पाय लंगडत फिरेल.

बसवायला मी कोपरखैरण्याच्या एका मेकॅनिककडे गेले. दादाला तो ओळखायचा. सायकल बघून त्याने आधी हात पुसले, मग विचारलं, "विकायला आणलीत?"

"मीटर लावायला."

"कोण चालवणार?"

"मी."

"घरी माहितीय?"

"तुम्ही पाना घ्या," मी म्हटलं.

तो हसला आणि कामाला लागला. डावं पेडल उलट्या आट्याचं असतं, नेहमीसारखं फिरवलं तर आणखी आवळतं. दांड्याचे दोन बोल्ट आलटूनपालटून सैल केले, टोकाची टोपी काढली, जुना दांडा हाताने ओढला तसा निघून आला. नवा बसवला, बोल्ट ताकद मोजणाऱ्या पान्याने आवळले. मग क्रँक सरळ खाली ठेवून, पेडलवर पाय न ठेवता मीटर शून्यावर आणला. हे शून्य करणं प्रत्येक राइडच्या आधी करायचं. शेवटी त्याने सायकल ट्रेनरवर, म्हणजे जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर, चढवली आणि मला चालवत बोलायला लावलं. साधारण एकशेवीस वॅटपर्यंत माझं वाक्य टिकलं, पुढे तुटायला लागलं. "हीच तुमची हद्द," तो म्हणाला. "बॅटरीच्या झाकणाला आतून रबरी रिंग आहे. झाकण उघडलंत तर ती नीट बसवा हां."

घरी आणल्यावर मी झाकण उघडून पाहिलंच. रिंग नीट बसवली असं मला वाटलं.

आई तेव्हा माझ्याशी बोलत नव्हती. मीटर आणला म्हणजे पोरगी सायकल सोडणार नाही, हे तिला कळलं होतं. शनिवारी संध्याकाळी मी पडवीत मीटरचा आकडा खरा आहे का ते तपासत होते. पद्धत सोपी आहे. मागचा ब्रेक बांधून ठेवायचा, क्रँक आडवा करायचा, पेडलला माहीत असलेलं वजन टांगायचं आणि मीटरच्या मोबाइल ॲपमधला आकडा हिशेबाशी जुळतो का बघायचं. आई मासळी विकते. तिचं पाच किलोचं लोखंडी वजन मी पिशवीत घालून पेडलला टांगलं. आकडा थोडा कमी आला. मी पुटपुटले, "वजनच झिजलंय वाटतं."

आई आत कोलंबी सोलत होती. तिथूनच तिचा आवाज आला. "माझं वजन झिजलेलं नाय! येवरी वर्सं मासली विकतंय, कोनी बोट नाय दाखवलं. तुझं यंत्रच खोटं असंल."

बघितलं तर क्रँक पुरता आडवा नव्हता. नीट केला, आकडा जुळला.

"बरोबर आहे तुझं," मी म्हटलं.

"मना म्हाईत हाय," ती म्हणाली आणि परत कोलंबीला लागली. तेवढंच बोलणं. रविवारी मी अंघोळ करून आले तेव्हा ती मागच्या दारी होती. "येते" म्हटलं आणि निघाले.

पाम बीच रोडला सूर्य उगवायच्या आत गेलात तर रस्ता तुमचा. डावीकडची कड धरा, मागे लाल दिवा हवाच, गाड्या तिथे अंगावर येतात. रस्ता सपाट असल्याने मीटर तपासायला उत्तम. एकाच गिअरमध्ये, एकाच चालीने गेले तर आकडा ऐंशीच्या आसपास स्थिर राहिला. खाडीकडून वारा आला की वेग कमी व्हायचा, पण जोर तेवढाच ठेवला तर आकडा हलत नव्हता. हे मला फार आवडलं. वारा काय म्हणतो त्याच्याशी मीटरला देणंघेणं नाही.

बेलापूरला पोचले. पारसिकचा चढ लांब नाही, पण सुरुवातीपासूनच उभा आहे. सगळ्यात हलका गिअर टाकला. एकशे दहा, एकशे पंधरा. पहिलं वळण घेतलं आणि आकडा एकदम तीनशेवर गेला. मग चाळीस. मग शून्य. मग नुसत्या आडव्या रेघा.

मी पाय टेकला. माझी सगळी हिंमत त्या आकड्यावर उभी होती. इथून खाली वळले असते तर अकराच्या आत घरी पोचले असते, मामाने सायकल नेली असती, आणि 'बघ, तिथेच बंद पडली' हे वाक्य मला जन्मभर ऐकावं लागलं असतं.

मग डॉक्टरांचं आठवलं. वाक्य बोलता आलं पाहिजे. ठीक आहे, बोलू. पण एकटी काय बोलणार? मला चारचौघांत बोलायला जमत नाही, एकटीने तर नाहीच. परत पेडल मारायला लागले आणि तोंडातून जे पहिलं आलं ते हे: "छातीतलं दुखणं सोडा पिऊन जातं का रे, दादा?"

एकदा सुरू झाल्यावर थांबेना. "मला एकदा तरी सांगायचंस. वाशीत माझ्या ऑफिसच्या समोर हॉस्पिटल आहे, हात धरून नेलं असतं. तू गेलास सोडा पिऊन आणि शिव्या खातेय सायकल. आई तुझी पँट अजून घडी करून ठेवते. मामाला गिऱ्हाईक सुचतं. मला काय सुचायचं?" वाक्य तुटलं की पाय हलका करायचा, जुळलं की परत रेटायचं. धापेने रडता येत नाही, हेही तिथे कळलं.

वरून एक काका फेरफटका मारून उतरत होते. पांढरे बूट, हातात काठी. "ओ ताई, फोनवर बोलत चढ चढू नये," ते म्हणाले. "दम लागेल."

"फोन नाहीये काका."

"मग कोणाशी बोलताय?"

"भावाशी भांडतेय."

त्यांनी मागे पाहिलं, पुढे पाहिलं. "सांभाळून बरं. मागच्या वर्षी इथेच एक सायकलवाला मुलगा गेला."

"तोच."

काका थांबले. मग उलटे फिरले आणि माझ्या बाजूने वर चालू लागले. मी इतकी हळू होते की त्यांना सहज जमलं. वरचं वळण दिसायला लागलं, त्याआधीचा कठडा आला. मी त्याच्याकडे बघितलं आणि थांबले नाही. माथ्यावर काका म्हणाले, "आता भांडण संपलं का?"

"नाही. पण आज पुरे."

ते "बरं" म्हणाले आणि परत उतरायला लागले.

वर बसून नाण्याने मीटरचं झाकण उघडलं. रिंग एका बाजूने चिमटली होती, ती चूक माझीच. पण आत पाणी कुठून आलं? रस्ता कोरडा, आभाळ कोरडं. बोट फिरवलं तर चिकट लागलं. वास घेतला, नारळ. दांड्याच्या मागच्या बाजूला, मला वरून दिसणार नाही अशा जागी, हळदीकुंकवाची बोटं उमटली होती. नवी वस्तू घरात आली की आमच्याकडे तिला हळदकुंकू लागतं आणि तिच्यावर नारळाचं पाणी शिंपडतात. मी अंघोळीला गेले तेव्हा आईने, एक शब्द न बोलता, ते करून ठेवलं होतं.

पाण्याने डबी पुसली, रुमालाने कोरडी केली, झाकण उघडं ठेवून सायकल उन्हात उभी केली, मग रिंग नीट बसवून झाकण लावलं. कुंकू पुसलं नाही.

मग खाली उतरून उरणचा रस्ता धरला. माझा मूळ बेत फक्त पारसिकचा होता, पण परतायची इच्छा होईना. गव्हाण फाट्यापुढे कंटेनरचे ट्रेलर असतात, कडेने चला आणि जादा ट्यूब ठेवा. टायरच्या तुटक्या तारा रस्त्यावर पडलेल्या असतात, मला एक लागलीच. उरणच्या बाजारात मिसळ आणि चहा शंभराच्या आत होतं. हॉटेलवाल्याने डबी बघून विचारलं, "मोटर बसवली का?"

"नाही, जोर मोजते."

"मोजून वाढतो का?"

"नाही."

"मग बरंय, मिसळ खा."

पीरवाडीच्या किनाऱ्यावर सायकल टेकवली, शून्य केलं, आणि आकडा परत आला. येताना समोरून वारा होता. पूर्ण रस्ताभर एकशेवीसच्या वर जाऊ दिला नाही.

घरी पोचले तेव्हा दुपार झाली होती. मामा पडवीत बसला होता. "गिऱ्हाईक वाट बघून गेला, वैशू! कुठे उलथली होतीस?"

मी सरळ आईकडे गेले. "नारळाचं पाणी आत गेलं. मीटर चढावर बंद पडला."

मामाने आईकडे पाहिलं. "ताय, तू नारळ फोरलास? त्या सायकलीला? आपुन ती विकतोय ना?"

आईने सुरी खाली ठेवली नाही. "पानी चालत नाय तं सांगाचं ना आधी," ती मला म्हणाली. "पुढच्या टायमाला सुकी पूजा करीन."

"मंग मी त्याला काय सांगू?" मामा म्हणाला.

"सांग, आमची बाय चालवते."

मीटर चांगला आहे, घ्यायचा असेल तर घ्या, रिंगला थोडं ग्रीस लावा. पारसिकला मी आता दर रविवारी जाते. आई अजून घाबरते. मी निघताना दारात येत नाही, परतेपर्यंत जेवत नाही. घाबरू नकोस असं मी तिला सांगत नाही, आणि जाऊ नकोस असं ती मला सांगत नाही. ती घाबरते, मी जाते.