मावशीचा तिसरा डोस

आमच्या आरोग्य केंद्रात मी सतरा वर्षं नर्स आहे. माझ्या रजिस्टरात बोट ठेवायला जागा नसते, अशी माझी ख्याती. ख्याती कसली डोंबलाची!

कावीळ बीच्या लसीचे कर्मचाऱ्यांना तीन डोस असतात. पहिला, महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा. पहिले दोन सगळे घेतात, तिसऱ्याच्या वेळी कोण कुठे असेल देव जाणे. आमच्या सफाईच्या मावशीचा तिसरा डोस आला तो ऐन हळद शिजवायच्या दिवसांत. ती पंधरा दिवस कुरुंद्याला लेकीच्या शेतावर, आणि इकडे दुसऱ्या दिवशी तपासणीचं पथक येणार. पथकाच्या आदल्या दिवशी रिकामे रकाने भरून टाकायचे, हा आमच्याकडचा जुना रिवाज. मी तारीख टाकली, सही ठोकली. आल्यावर देऊ की, त्यात काय एवढं! मावशी आली आणि मी साफ विसरले.

पुढे चार महिन्यांनी बाळंतपणाच्या खोलीतला कचरा उचलताना तिच्या तळहातात सुई घुसली. ती सुई ज्या बाळंतिणीला टोचलेली, तिला कावीळ बी होती, तिच्या कागदावरच लिहिलेलं. नवे डॉक्टर रजिस्टर घेऊन बसले. तिन्ही डोस झाले असतील तर घाबरायचं कारण नाही म्हणाले. एखादा राहिला असेल तर आत्ताच हिंगोलीला पाठवायचं, तिथे लसीशिवाय आणखी एक इंजेक्शन द्यावं लागेल.

"तिसरा झालाय ना, सिस्टर?"

सगळा स्टाफ उभा होता. "झालाय," मी म्हणाले.

मावशी माझ्याकडे बघत राहिली. तिला काही आठवत नव्हतं, ते दिसतच होतं. मग तीच डॉक्टरांना म्हणाली, "सिस्टरबाई म्हन्त्यात तर झालाच असंल."

दुसऱ्या दिवशी मी तिला गुपचूप लस टोचली, धनुर्वाताचं इंजेक्शन आहे म्हणून सांगितलं. हिंगोलीच्या इंजेक्शनला डॉक्टरांची चिठ्ठी लागत होती, आणि चिठ्ठी मागायची म्हणजे सगळं कबूल करायचं. दोन डोस झालेत, काही होत नाही, असं मी स्वतःला बजावलं. पण रोज सकाळी ती झाडू घेऊन आली की मी आधी तिचे डोळे पिवळे झालेत का बघायची. "काहून बघून राहिल्या वो?" म्हणून ती हसायची.

तीन महिन्यांनी डॉक्टरांनी नियमाप्रमाणे तिचं रक्त तपासायला पाठवलं, आणि कावीळ बीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. सहा महिन्यांनी परत केला, तरी तेच, म्हणजे कावीळ आता तिच्या रक्तात कायमचीच. काहींना लस लागूच होत नाही, असं डॉक्टरांनी तिला समजावलं, आणि तिला ते पटलं. आता कुणाच्याही दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवला की मला तिचा तेव्हा न टोचलेला दंड दिसतो, भर दुपारी, रांगेतल्या बायकांसमोर.

परवा तिला एकटीला गाठलं. आज सांगायचंच, असं ठरवून गेले होते. नुसतं "मावशी" म्हटलं आणि मला रडूच कोसळलं. तिने हातातली बादली खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"तुमी काहून रडता, बाई? तुमी तर तिन्ही देले. माझंच रगत खराब निघालं."

तरीही मी सांगितलं नाही.