शिलाई मशीनचं तेल

मालवणच्या किनाऱ्यावर आमच्या वाडीत पहिला कॉम्प्युटर आमच्याकडे आला. माझी मिजास काय सांगावी! मी एम.ए.चा प्रबंध त्यावर लिहीत होते, किनाऱ्यावरून जाळं ओढायच्या रापणीच्या मासेमारीवर. बाबांची स्वतःची होडी होती आणि प्रबंधातली निम्मी माहिती त्यांनीच सांगितलेली. पण कॉम्प्युटरला हात लावायची त्यांना बंदी. काम संपवून मशीन बंद केलं रे केलं, की ते गरम असतानाच मी त्यावर जाड प्लास्टिक घालून दोरीने आवळून टाकायची. खारा वारा लागू नये म्हणून.

एकदा ते बघून बाबा म्हणाले, "हुनहुनीत इंजिन असा झाकूचा नाय गो. आत घाम धरता."

"बाबा, ह्या तुझ्या होडयेचा इंजिन नाय," मी म्हटलं आणि आईकडे बघून हसले.

२००३च्या जूनमध्ये, प्रबंध द्यायला दहा दिवस उरले असताना मशीनने नखरे सुरू केले. बटण दाबलं की पंखा फिरे, पण स्क्रीन काळाच, आणि आतून लांब लांब शिट्या. आधी तिसऱ्या प्रयत्नाला सुरू होई, मग सहाव्या. शंभर पानं त्यात अडकलेली. फ्लॉपीवर उतरवून ठेवली होती, तर तिला बुरशी आलेली. माझ्या तोंडचं पाणी पळालं. कुडाळच्या मेकॅनिकला फोन केला. तो परवा येतो म्हणाला.

पावसाळ्यासाठी होड्या वर ओढल्या होत्या. बाबा इंजिन उतरवून, पुसून, तेल लावून ठेवण्याच्या कामात होते. दुसऱ्या दिवशी मी बाजारातून परतले तर कॉम्प्युटरचं झाकण उघडं. शेजारी आईच्या शिलाई मशीनचं तेल, धुतलेलं मऊ फडकं, आणि बाबा जमिनीवर मांडी घालून बसलेले. आतली एक छोटी पट्टी काढून, पुसून, तिच्या कडेला तेलाचं बोट फिरवून त्यांनी ती होती तशी परत बसवली होती.

"गंज चडललो," ते म्हणाले. चेहरा नुसता खुललेला. "इंजिनाक लायतंय तसाच जरासा लायलंय. आता लाव बघूया."

मी बटण दाबलं. शिट्या. दहा वेळा दाबलं, तरी शिट्याच.

आम्ही घरात मालवणी बोलायचो. त्या दिवशी मी मराठीत बोलले, कचेरीत बोलतात तशी, बाबांना 'तुम्ही' म्हणून. "ज्यातलं कळत नाही त्यात हात का घालता तुम्ही? माझी दोन वर्षं पाण्यात घालवलीत." शेजारीण दारात उभी होती, तिच्यादेखत. बाबांनी फडक्याची घडी केली, तेलाची बाटली जागेवर ठेवली आणि होडीकडे निघून गेले.

मेकॅनिक आला. त्याने ती पट्टी काढून उजेडात धरली. "तेल कुणी लावलं? असो, त्याने काही बिघडलेलं नाही. गंज जुना आहे, पट्टीच गेलीय." मग कोपऱ्यातल्या प्लास्टिककडे बघून म्हणाला, "गरम मशीन यात गुंडाळता? मग आत घाम धरणारच." त्याने नवी पट्टी घातली आणि स्क्रीन उजळला. शंभर पानं जशीच्या तशी होती.

संध्याकाळी बाबांनी बाहेरूनच विचारलं, "काय सांगल्यान गो मेकॅनिकान?"

एक वाक्य पुरलं असतं. पण मी पडले एम.ए. करणारी, माझी मान कशी खाली जाणार?

"तेल पुसल्यान आणि चालू झालो," मी म्हटलं.

"माझा चुकला गो," बाबा म्हणाले.

प्रबंध वेळेत गेला. मला पहिला वर्ग मिळाला. आभाराच्या पानावर बाबांचं नाव आहे, ते पान मी कुणाला दाखवत नाही. त्यानंतर बाबा सहा वर्षं होते. कुणी कॉम्प्युटरचा विषय काढला की आपणहून सांगत, "माझ्याच हातान मोडललो तो." मी तिथेच बसलेली असायची, गप्प. आणि कॉम्प्युटरच्या खोलीतला साधा पंखा लावायचा असला, तरी स्वतःच्या घरात दाराशी उभे राहून मला विचारत, "बटणाक हात लायलो तर चलात मां गो?"