सीलच्या कडीवरचं कुंकू

पीण्याच्या कारखान्यांच्या वसाहतीतल्या आमच्या शेडमधून समुद्र कुठला दिसायला! दिसतो तो समोरच्या रंगवाल्याचा गंजका पत्रा. तरी गेल्या दसऱ्याला आम्ही जहाजाचा सुटा भाग करत होतो. अणुशक्तीवर चालणारी विमानवाहू नौका आपल्याकडे अजून नाही, पण तसल्या नौकेत पाणी फिरवणारा पंप कसा असावा, याच्या डिझाइनवर इथलीच एक कंपनी काम करत होती. त्यांच्या चाचणीच्या पंपाला पाणी गळू न देणारी स्टीलची एक सीलची कडी हवी होती, बांगडीएवढी. नमुना पास झाला तर पुढचं सगळं काम आम्हाला, नाहीतर राम राम.

शेड वडिलांनी उभी केलेली. लेथ मी चालवते, बाहेरचे व्यवहार माझा थोरला भाऊ, म्हणजे अण्णा बघतो. त्याने सांगून टाकलं होतं, "हा नमुना नापास झाला, की शेड गोदामाला भाड्याने देऊ. पुरे झालं आता." मी इथल्या कानडीत म्हटलं, सरी, म्हणजे बरं. पण नापास होऊ देते होय मी!

आयुध पूजेच्या, म्हणजे खंडेनवमीच्या, आदल्या दिवशी कडी तयार झाली. तिचं तोंड, म्हणजे टेकणारी बाजू, घासून घासून मापाला अगदी काठावर आणलं, धुतली आणि पिशवीत बंद करून कपाटात ठेवली. यानंतर हाताचा घामसुद्धा लागता कामा नये, अशी कंपनीची ताकीद होती. क्षार राहिला तर असल्या पंपात स्टीलला बारीक तडे जातात म्हणे. अण्णाला समोर बसवून हे सगळं सांगितलं. त्याने मान डोलावली.

पूजेच्या दिवशी लेथला हार घातला, दारात कोहळा फोडला. मी शेजारच्या शेडमध्ये चुरमुरे वाटायला गेले.

दसऱ्याच्या सकाळी कपाट उघडलं तर पिशवी उघडी, आणि कडीवर हळदी-कुंकवाची दोन ठसठशीत बोटं!

"अण्णा! हे काय करून ठेवलंस?"

"अगं, आपलं कुठलं काम कुंकवाशिवाय बाहेर गेलंय? बाबा कधी पाठवायचे का?"

भरवशाच्या म्हशीला टोणगा, दुसरं काय! पुसलं, धुतलं, तरी फिकट डाग राहिलाच. परत घासावं तर जाडी मापाखाली जाणार.

"स्वल्प तर आहे," अण्णा म्हणाला. "कुणाला दिसतंय? दे पाठवून."

"मला दिसतंय ना."

रागाने माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हा माणूस शेड बंद करा म्हणतो आणि चोरून कडीची पूजाही करतो! त्यालाही ती पास व्हायला हवी होती, हे कळत होतं, म्हणून तर जास्तच चिडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी कडी पोचवायची होती. स्टीलचा एकच तुकडा उरला होता. मी लेथवरचा हार काढायला गेले.

"थांब, पूजा अजून उतरवली नाही," अण्णा ओरडला.

"मग उतरव! आयुधं काय हार घालून बसवायला असतात?"

त्याने अक्षता टाकल्या, हार काढला. मी कामाला लागले.

दुपारी नवी कडी घासत होते, हात थांबवायची सोय नव्हती, आणि नेमका तेव्हाच गोदामवाला शेड बघायला आला. अण्णानेच बोलावलेला. इथे मी जीव तोडून राबतेय आणि दारात जागेचं माप घ्यायला माणूस!

अण्णा पुढे झाला. "आज नको. आत काम चाललंय."

"मग उद्या येऊ?"

अण्णाने वळून माझ्याकडे बघितलं. कडी अजून पुरी व्हायची होती. पास होणार की नाही, देव जाणे.

"नको," अण्णा त्याला म्हणाला. "येऊच नका. जागा द्यायची नाही."